क्षयरोग्याचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) अहवाल: हिमोग्लोबिन कमी, प्लेटलेट्स जास्त

प्रश्न (डिचोलीहून)

माझ्या थोरल्या भावाला, वय ३८, फुफ्फुसाचा क्षय असल्याचे बेडक्याच्या तपासणीत निश्चित झाले असून नऊ दिवसांपासून सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या सुरू आहेत. सुरुवातीलाच केलेल्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.४, प्लेटलेट्स ५ लाख ८० हजार, पांढऱ्या पेशी ११,८०० आणि ईएसआर (लाल पेशी तळाशी बसण्याचा वेग) ९० आला. एका नातलगाने हा रक्ताचा कर्करोग असू शकेल असे म्हटल्यापासून आईने जेवण सोडले आहे. क्षयासोबत दादाला रक्ताचा वेगळा आजार जडला आहे का, आणि लोहाचे टॉनिक लगेच सुरू करावे का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (फोंडा, निवृत्त पॅथॉलॉजिस्ट)

ताई, आधी आईंना जेवायला बसवा. आपण दिलेले चारही आकडे फुफ्फुसाच्या क्षयात नेहमी दिसणारे आहेत आणि एकाच कारणातून येतात. जंतूंशी झुंजताना शरीरात जी दाहजन्य रसायने तयार होतात, त्यांपैकी इंटरल्युकिन-६ यकृताला हेपसिडिन नावाचे संप्रेरक अधिक बनवायला लावते. हे हेपसिडिन आतड्यातून लोह शोषू देत नाही आणि साठ्यातले लोहही बाहेर सोडत नाही. त्यामुळे साठा असूनही रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला लोह मिळत नाही व हिमोग्लोबिन उतरते. क्षयाच्या जंतूलाही वाढीसाठी लोह लागते, म्हणून ते दडवून ठेवणे हा शरीराचा बचावच आहे. तेच इंटरल्युकिन प्लेटलेट्स वाढवते, आणि ईएसआर तर कुठल्याही दाहात चढतो.

टॉनिकची घाई करू नका. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ८० ते १०० च्या दरम्यान असेल, तर पांडुरोग (हिमोग्लोबिनची कमी) बहुधा क्षयाचाच असून गोळ्यांनी क्षय आटोक्यात येऊ लागला की पुष्कळ रुग्णांत तो लोहाशिवाय सुधारतो. एमसीव्ही कमी असेल तर फेरिटिन ही लोहसाठ्याची तपासणी करून घ्यावी; मात्र दाहामुळे फेरिटिन वाढलेले दिसते, म्हणून ते नॉर्मल आले तरी लोहाची कमतरता नाहीच असे मानता येत नाही. हा निर्णय डॉक्टरांनी सगळे आकडे एकत्र पाहूनच घ्यावा.

कर्करोगाच्या शंकेबद्दल: सूक्ष्मदर्शकाखालच्या रक्ताच्या काचपट्टीवर अपरिपक्व पेशी (रक्ताच्या कर्करोगात आढळतात त्या) दिसल्याचे अहवालात लिहिले आहे का, तेवढे पाहा. तिन्ही प्रकारच्या पेशी (लाल, पांढऱ्या व प्लेटलेट्स) एकदम घटल्या असत्या, तर क्षय अस्थिमज्जेपर्यंत पसरला आहे का हे तपासावे लागले असते. येथे तशी घट नाही.

उत्तर २ (काणकोण; स्वतः क्षयातून बरा झालेला)

माझे हिमोग्लोबिन उपचाराच्या आरंभी ८.९ होते आणि सहा महिन्यांचा कोर्स संपताना १२.७ झाले. दादांना सांगून ठेवा की क्षयाच्या गोळ्यांतील रिफाम्पिसिनमुळे लघवी केशरी होते. ते रक्त नव्हे. मी ते रक्त समजून दोन दिवस गोळ्या बंद ठेवल्या होत्या, आणि ती चूक आजही मनाला लागून आहे. भूक परतल्यावर पेजेबरोबर बांगडा, अंडी, कुळीथ असे प्रथिनांचे अन्न रोज द्या. क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात, त्यासाठी खाते नोंदवले आहे ना, याची दवाखान्यात खात्री करून घ्या.

उत्तर ३ (म्हापसा, औषधनिर्माता)

वरील उत्तराला एक जोड देतो. औषधांमुळेही रक्त बदलू शकते. क्षयाच्याच गोळ्यांतील आयसोनियाझिडमुळे हिमोग्लोबिन बनायला लागणारे ब-६ जीवनसत्त्व कमी पडते. पायरिडॉक्सिनची (ब-६ ची) गोळी दिली जाते ती त्यासाठीच. रिफाम्पिसिनने क्वचित प्लेटलेट्स एकाएकी कोसळतात. अंगावर जांभळे ठिपके उठले, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा जवळच्या जिल्हा इस्पितळात न्यावे. असे झाल्यास रिफाम्पिसिन थांबवतात आणि पुन्हा देत नाहीत, पण थांबवायचे ते डॉक्टरांनी, घरच्यांनी नव्हे.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. एमसीव्ही ८५ आहे आणि अपरिपक्व पेशींचा उल्लेख नाही. टॉनिकची बाटली उघडलेली नाही. सोमवारी दवाखान्यात अहवाल दाखवून पुढचा सीबीसी कधी करायचा ते विचारते आणि इथे कळवते.