शब्दचर्चा: ‘अतिरोमता’ की आणखी काही?

लेखणीवाली: बायकांच्या आरोग्यावरच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. हर्सुटिझमला, म्हणजे बायकांना पुरुषांसारखे जाड केस येण्याला, मराठीत काय म्हणावं? तूर्त ‘अतिरोमता’ लिहिलंय. मावशीला वाचून दाखवलं तर म्हणाली, “हे माणसांना होतं की अस्वलांना?”

पाटीपेन्सिल: चांगला आहे की शब्द. रोम म्हणजे अंगावरचे केस, ते जास्त झाले की अतिरोमता. मूळ लॅटिन ‘हिर्सूटस’चा अर्थही केसाळ, राठ असाच.

ओपीडीतली: त्वचारोगाच्या ओपीडीत बसते म्हणून बोलते. घोटाळा ‘अति’मुळे होतो. अंगावर कुठेही केस वाढले की ते हायपरट्रायकोसिस. मिनॉक्सिडिल, फेनिटॉइन अशा औषधांनीही होतं. अतिरोमता तिथे शोभेल. हर्सुटिझममध्ये किती केस यापेक्षा कुठे आणि कसले, हे बघायचं. ओठावर, हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली प्रत्येक बाईला लव असते. अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी संप्रेरकं, त्याच लवेचा जाड, काळा केस करतात. फेरिमन आणि गॉलवे यांनी १९६१ साली मोजायची पद्धत दिली. आज वापरतात त्या सुधारित रूपात ९ जागा, प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ३६. कोपरापुढचा हात नि पोटऱ्या त्यात धरतच नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली मात्र हातच पुढे करतात!

लेखणीवाली: मग सरळ ‘पुरुषी केसवाढ’? व्याख्येत तेच आहे.

दुपारचा चहा: कृपा करून ते नको. नववीत मला वर्गातल्या मुली “मिसरूड फुटलं का गं?” विचारायच्या. मुलाला फुटलं की कौतुक, मला फुटलं तर रुमाल तोंडावर. घरी या गोष्टीला नावच नव्हतं. “जरा अप्परलिप करून येते” एवढंच. पुस्तिका वाचणारी मुलगी ‘पुरुषी’ वाचेल आणि पान उलटेल.

पाटीपेन्सिल: पटलं. अवांतर: संस्कृत काव्यात बेंबीपासून वर जाणारी ‘रोमराजी’ नायिकेच्या सौंदर्याची खूण आहे. कवींनी थ्रेडिंगवालीला विचारलं नव्हतं.

लेखणीवाली: 😄 ‘राठ केसवाढ’ कसं वाटतं? आणि दुसरं कोडं: इडिओपॅथिक हर्सुटिझम. ‘अकारण’ लिहू?

ओपीडीतली: राठ उत्तम. ‘अकारण’ अजिबात नको, बाईला वाटतं डॉक्टर म्हणाले उगाचच आहे. बहुतेकींमागे पीसीओएस (बीजकोशाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) असतं, थोड्यांत मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात दोष, क्वचित कुशिंग (कॉर्टिसॉल हे संप्रेरक फार वाढणं). हे काहीच सापडत नाही, पाळी वेळेवर, बीज सुटतंय, रक्तातलं टेस्टोस्टेरॉनही ठीक, तेव्हा इडिओपॅथिक म्हणतात. कारण तिथेही असतं. केसाच्या मुळाशी ५-अल्फा रिडक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचं त्याहून जोरकस डीएचटी हे संप्रेरक करतं. ते जास्त काम करत असेल, किंवा मूळच हळवं असेल, तर नेहमीच्या प्रमाणातलं संप्रेरकही पुरतं. आपण तपासतो रक्त, खेळ चालतो कातडीत.

पाटीपेन्सिल: मग ‘अज्ञातहेतुक’. हेतू आहे, हाती लागलेला नाही. ग्रीक ‘इडिओस’ म्हणजे तर ‘स्वतःचा’: ज्याचं त्याचंच दुखणं.

दुपारचा चहा: अज्ञातहेतुक म्हणताना जीभ अडखळते, पण दोष माझ्यावर येत नाही. चालेल.

ओपीडीतली: एक ओळ ठळक अक्षरात घालाच. केस काही महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, टाळूवर विरळ झालं, तर पार्लर नको, लगेच डॉक्टर. बीजकोशात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ असू शकते. आणि गोळ्यांचा गुण दिसायला सहाएक महिने लागतात हेही लिहा. केसाचं चक्रच तेवढं लांब. बायका दोन महिन्यांत कंटाळून सोडतात.

लेखणीवाली: लिहिलं: ‘संप्रेरकांमुळे होणारी राठ केसवाढ (हर्सुटिझम)’. मावशीला पुन्हा वाचून दाखवलं. राठ लगेच कळलं तिला. आता विचारतेय, संप्रेरक म्हणजे काय. नवा धागा काढते.