‘विलीनीकरण’ की ‘एकत्रीकरण’?

प्रश्न: दोन महाविद्यालयं एक करण्याच्या प्रस्तावावर बैठक झाली, तिचं इतिवृत्त मी लिहितेय. संस्थाचालक ‘एकत्रीकरण’ म्हणत होते, धाकट्या महाविद्यालयातले प्राध्यापक ‘विलीनीकरण’. मी सगळीकडे ‘एकत्रीकरण’ लिहिलं. एक सर म्हणाले, “मॅडम, हे आमचं म्हणणं नाही.” एवढा फरक आहे का?

उत्तर: आहे ताई, आणि तो विभक्तीतच दिसतो. एकत्रीकरण ‘दोघांचं’ होतं. विलीन मात्र ‘कशात तरी’ व्हावं लागतं, सप्तमीशिवाय तो शब्द उभाच राहत नाही. कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन झालं. मुंबई कोल्हापुरात झाली नाही. मुळात संस्कृतात ‘वि + ली’ या धातूचा अर्थ विरघळणं. मीठ पाण्यात विरघळतं, तेव्हा नाव पाण्याचंच उरतं. शिवाय ‘अनंतात विलीन’ आपण श्रद्धांजलीत वाचतो. आपल्या महाविद्यालयाची पाटी, सेवाज्येष्ठता, विषयाचा विभाग राहील की नाही या काळजीत असलेल्या माणसाच्या तोंडी हाच शब्द येणार. तो पुसून ‘एकत्रीकरण’ लिहिणं म्हणजे त्याची हरकतच पुसणं. (‘विलय’ म्हटलं की मला त्यात प्रलय ऐकू येतो.)

मुंबईत तिसरा प्रकारही आहे. २०१९ मध्ये विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं. मुंबई विद्यापीठाशी ‘संलग्न’ असलेली ही महाविद्यालयं ‘घटक’ झाली, पण एल्फिन्स्टन एल्फिन्स्टनच राहिलं. त्याला ‘समूह विद्यापीठ’ म्हणतात ते योग्यच. संलग्न म्हणजे बाहेरून जोडलेलं, घटक म्हणजे अंगाचा भाग.

आणखी एक मत: विभक्तीचं पटलं, पण विलीनीकरण म्हणजे नेहमी गमावणंच, हे पटत नाही. २०२१च्या संपात एसटी कर्मचारी ‘राज्य शासनात विलीनीकरण करा’ हीच मागणी करत होते. त्यांच्या तोंडी तो शब्द पगाराच्या हमीचा होता. तुकडी भरत नाही, पद मंजूर होत नाही, अशा महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला मोठ्या संस्थेत विलीन होणं हवंसंही वाटेल. कायम प्राध्यापक आणि तासिकावाले एकाच बाकावर बसतात, पण त्यांचं ‘विलीनीकरण’ एक नसतं.

प्रश्नकर्ती: दोघांचेही आभार. इतिवृत्त पुन्हा लिहिलं. ज्याने जो शब्द उच्चारला तोच त्याच्या नावापुढे ठेवला, आणि विषयाच्या ओळीत नुसतं ‘दोन महाविद्यालये एक करण्याचा प्रस्ताव’ असं लिहिलं.