ब्लीड-थ्रू: रंग पाझरतो, फुटतो की लागतो?

अर्धमात्रा
जिवंत पेशींचे फोटो काढणाऱ्या छोट्या सूक्ष्मदर्शकांवरचा एक लेख मराठीत आणतेय. खोका एवढा लहान की इन्क्युबेटरच्या आतच बसतो, त्यामुळे पेशींना ३७ अंशांतून आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमधून बाहेर काढावं लागत नाही. बाकी गाडी बरी चालली होती, 'ब्लीड-थ्रू'पाशी अडली. पेशीत तीन-चार चमकणारे रंग असतात, एकेकाचा वेगळा फोटो घ्यायचा असतो, आणि हिरव्याच्या फोटोत नारिंगी डोकावतो; ते ब्लीड-थ्रू. मी 'रंगस्राव' लिहिलं. संपादकांचा शेरा आला: "हे स्त्रीरोगाच्या पुस्तकातलं वाटतं." पटलंच. मग काय म्हणावं?

शाईदौत
'रंग फुटणे'. पातळ कागदावर लिहिलं की शाई मागे फुटते, तसंच हे.

काना_मात्रा
शाई फुटते म्हणजे कागदावरच पसरते, अक्षराला मिशा येतात. मागच्या बाजूला दिसली तर ती 'उमटते'.

शाईदौत
आमच्या घरी दोन्हीला फुटणेच म्हणत. वडिलांनी आयुष्यभर टाकाने लिहिलं, त्यांना माहीत नसेल?

काना_मात्रा
वडिलांबद्दल आदर आहे, शब्दाबद्दल शंका आहे.

रफूगार
शाई सोडा, कपडे धरा. नवा लाल कपडा पांढऱ्याबरोबर भिजवला तर लालचा रंग 'जातो' आणि पांढऱ्याला 'लागतो'. ज्याचा गेला त्याला एक क्रियापद, ज्याला लागला त्याला दुसरं. इंग्रजीत दोघांत मिळून एकच 'ब्लीड'. तेव्हा 'हिरव्याच्या फोटोला नारिंगी लागला' असं लिहा, सगळ्यांना कळेल.

अर्धमात्रा
वाक्यात फार छान बसतंय. पण मला मथळ्यासाठी नाम हवंय हो. 'रंगलाग' म्हटलं तर रोग वाटतो.

भिंगवाला
रोगच आहे तो! आणि एक नाही, दोन आहेत. मी अशीच यंत्रं जुळवतो म्हणून जरा लांबण लावतो.

खोका लहान करायचा म्हणजे आतलं फिरणारं सगळं काढायचं. मोठ्या यंत्रात दर रंगाला वेगळा फिल्टर असतो आणि चाक फिरून तो बदलतो. चाकाला जागा लागते, मोटर लागते, मोटर हादरे देते, वर बदलायला वेळ जातो. म्हणून छोट्या यंत्रात रंगांचे चार पट्टे सोडणारा एकच फिल्टर कायमचा बसवतात आणि नुसते एलईडी आळीपाळीने लावतात. कॅमेरा कृष्णधवल. आलेला उजेड कुठल्या पट्ट्यातून आला हे त्याला कळत नाही; कुठला एलईडी लागला होता त्यावरून रंग आपण ठरवतो आणि मागाहून चढवतो.

आता रोग पहिला. जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या उजेडाचं शिखर ५०९ नॅनोमीटरच्या आसपास, पण शेपूट पार नारिंगीत जातं. नारिंगीच्या फोटोत ते शेपूट सापडलं तर ते खरं ब्लीड-थ्रू. रोग दुसरा: हिरव्यासाठी लावलेल्या ४७० नॅनोमीटरच्या एलईडीने नारिंगी रंगही थोडासा पेटतो आणि फिल्टरच्या नारिंगी पट्ट्यातून आरामात बाहेर येतो. हे क्रॉस-एक्सायटेशन. अर्धमात्राताई, तुम्ही दिलेलं उदाहरण या दुसऱ्याचं आहे.

अर्धमात्रा
लेखात दोन्हीला ब्लीड-थ्रूच म्हटलंय.

भिंगवाला
बरेचजण म्हणतात. म्हणून तर उपाय चुकतो. पहिल्यावर कॅमेऱ्यापुढचा पट्टा अरुंद करायचा, शेपटापासून दूर. दुसऱ्यावर कॅमेऱ्यापुढे एकेका रंगापुरता फिल्टर चालतो, किंवा एलईडीपुढचा फिल्टर अरुंद करायचा, नाहीतर रंगच एकमेकांपासून लांबचे निवडायचे. मराठीत तरी दोन शब्द करा: पहिल्याला 'पाझर', दुसऱ्याला… 'भलतं पेटणं'?

रात्रपाळी
या भलत्या पेटण्याने माझे दोन दिवस खाल्लेत. हिरवं प्रथिन आणि तंतुकणिकांना (मायटोकाँड्रियांना) नारिंगी रंग, अशी थाळी रात्रभर लावली होती. सकाळी हिरव्या फोटोत केंद्रकाभोवती बारीक शेवाळासारखे धागे. प्रथिन तंतुकणिकांत शिरलं म्हणून मी नाचलेच! तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, "नुसता नारिंगी घातलेली थाळी पाहिलीस का?" पाहिली. हिरवं काही घातलेलंच नव्हतं, तरी हिरव्या फोटोत तेच धागे, फक्त जरा फिके. आम्ही त्याला 'भूत' म्हणतो. "भूत दिसतंय, एकेरी थाळ्या लाव."

रफूगार
भूत! झालं काम. याहून चांगला शब्द मिळणार नाही.

निरुक्तवेडा
भुताखेतांआधी मूळ शब्द सुधारा. 'चमकणारे रंग' काय? चमकतो तो आरसा. प्रकाश घेऊन प्रकाश देण्याला, म्हणजे फ्लुओरेसन्सला, 'प्रतिदीप्ती' हा तयार शब्द आहे.

काना_मात्रा
तो हिंदीत रुळलाय. मराठीत मी 'अनुस्फुरण' वाचलंय.

निरुक्तवेडा
अनुस्फुरण ऐकून शेतकऱ्याला काय वाटेल? नत्र, स्फुरद, पालाश! स्फुरद म्हणजे फॉस्फरस, मग स्फुरणाशी नातं फॉस्फोरेसन्सचं, म्हणजे दिवा बंद झाल्यावरही रेंगाळणाऱ्या उजेडाचं. हिंदीवाले 'स्फुरदीप्ती' म्हणतात ते त्याचसाठी.

भिंगवाला
गंमत म्हणजे खुद्द फॉस्फरसचा उजेड फॉस्फोरेसन्स नाहीच. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तो रासायनिक उजेड देतो. आणि ट्यूबलाइटच्या काचेला आतून असतो त्या लेपाचं नाव फॉस्फर, काम मात्र फ्लुओरेसन्सचं. मूळ नावंच अशी गोंधळलेली, आपण कशाला सोवळं पाळायचं?

काना_मात्रा
फ्लुओरेसन्स हे नाव तरी कुठे शहाणं आहे? १८५२ साली स्टोक्स या भौतिकशास्त्रज्ञाने एका तळटीपेत ते सुचवलं, फ्लुओरस्पार या खनिजावरून, ओपलवरून ओपलेसन्स झालं तसं. आणि त्या खनिजाच्या नावामागे लॅटिनचं 'वाहणे', कारण धातू वितळवताना ते घातलं की मळी पातळ होऊन वाहायची. म्हणजे शब्दाच्या पोटात प्रकाश नाहीच, आहे ते वाहणं. धातुसाधित मराठी करायचं तर 'वाहणी' म्हणा!

रफूगार
मग आमचा 'पाझर' नात्यातलाच निघाला की.

निरुक्तवेडा
थट्टा पुरे. 'प्रति' अचूक आहे. प्रतिध्वनीसारखं, प्रकाश आत गेला, प्रकाश परत आला.

रात्रपाळी
प्रतिध्वनीत तुमचाच आवाज परत येतो. इथे निळी हाक मारली की हिरवी ओ येते. तरंगलांबी बदलते, तेच तर महत्त्वाचं. ती बदलते म्हणूनच फिल्टरला हाक अडवून ओ तेवढी सोडता येते. त्या अर्थी 'प्रतिसाद' जवळचा. आणि प्रयोगशाळेत कुणीच प्रतिदीप्ती म्हणत नाही. "ग्रीन दिसतोय का?" एवढंच.

निरुक्तवेडा
प्रयोगशाळेत म्हणत नाहीत म्हणून लिहायचंही नाही? मग एक्सायटेशनला तरी 'उत्तेजन' म्हणणार की नाही?

शाईदौत
उत्तेजनार्थ प्रकाश! चौथ्या क्रमांकाच्या एलईडीला द्या.

अर्धमात्रा
(हसतेय.) मी 'उद्दीपन' लिहिलंय. पण एक सांगा, फोटोब्लीचिंगला 'प्रकाशविरंजन' केलंय, ते फार ब्लीचिंग पावडरच्या पुडीवरचं वाटतं.

रफूगार
'विटणे'. रंग विटला. उन्हात पडदा विटतो तसा.

भिंगवाला
विटणे उत्तम. रेणूच मोडतो, पुन्हा उजेड देत नाही. तात्पुरता मंदावला तर ते 'शमन', तिथे विटणे वापरू नका. आणि त्याच पानावर फोटोटॉक्सिसिटी असेल, तिला 'प्रकाशविषाक्तता' केलंत तर मी हा धागा सोडून जाईन.

अर्धमात्रा
केलंय.

रात्रपाळी
अहो, 'उजेड बाधतो' म्हणा ना. ऊन बाधतं, गार वारा बाधतो, तसा पेशींना उजेड बाधतो. दर पाच मिनिटांनी चार एलईडी मारले की सकाळपर्यंत पेशी गोल होऊन थाळीवरून सुटतात. विषाचा थेंब नाही तिथे बाहेरून. प्रकाशाने आतच ऑक्सिजनची मारक रूपं तयार होतात. 'बाधा' नामही आहे तयार.

निरुक्तवेडा
भूत झालं, आता बाधा. पुढे अंगारा येऊ द्या.

काना_मात्रा
'पेशी' तरी चालतंय ना? हिंदीत पेशी म्हटलं की स्नायू समजतात, पेशीला कोशिका म्हणतात.

निरुक्तवेडा
कोशिका शास्त्रशुद्ध आहे. कोश म्हणजे आवरण.

शाईदौत
शाळेपासून पेशी लिहितोय. आता कोशात शिरायचं वय नाही.

अर्धमात्रा
मंडळी, मजकूर उद्या जायचाय. तूर्त मथळ्यात 'रंगांचा पाझर', आत 'लागला' आणि 'विटला', 'भूत' अवतरणात. भलत्या पेटण्याला अजून नाव नाही. शिवाय 'कॉम्पॅक्ट'ला 'आटोपशीर' केलंय, कुणाची हरकत?

रफूगार
'सुटसुटीत' का नको?

भिंगवाला
आत एकदा बघा, मग सुटसुटीत म्हणा. आरसा, भिंग आणि एलईडीची उष्णता बाहेर नेणारी पट्टी यांत बोट शिरत नाही. बाहेरून आटोपशीर, आतून दाटीवाटी. बाय द वे, काही रंग परतवून काही सोडणाऱ्या डायक्रोइक आरशाला काय लिहिलंत?

अर्धमात्रा
'द्विवर्णी आरसा'. ग्रीक 'डाय' म्हणजे दोन.

भिंगवाला
छोट्या यंत्रात तो चार पट्टे परतवतो आणि चार सोडतो. म्हणजे चौपट्टी द्विवर्णी आरसा?

निरुक्तवेडा
बहुवर्णी म्हणा.

काना_मात्रा
त्यासाठी वेगळा धागा काढा, हात जोडते.