अर्धी चावलेली मोसंबी बोर्डावर चालेल का?

मोसंबीवाला_अंबड:
राम राम मंडळी. माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान अंबड तालुक्यात आहे, २०१४ पासून. नाव 'मोसंबी मोबाईल'. नावाला कारण आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात आमची दोन एकर बाग जळाली, टँकरनं पाणी घालूनबी वाचली नाही. वडील म्हणले, बाग गेली, नाव तरी राहू दे.

बोर्डावर एक मोसंबी, वर पान, उजव्या अंगाला एक चावा. चावा पेंटरनं आपल्या मनानं काढला, मलाबी आवडला. आता पोरगा घरून फोन नेऊन दुरुस्त करून द्यायचं ॲप बनवायलाय, त्यालाबी हेच चित्र. पुण्याला कंपनीत असलेला भाचा म्हणायलाय, मामा, ॲपल कंपनीची नोटीस येईल. आव, सफरचंद कुठं अन् मोसंबी कुठं? फळावर मालकी असती का कुणाची?

खाली आयफोन अन् सॅमसंगची चिन्हंबी काढलेली हायेत, ती चालतील का? अजून एक. पलीकडच्या तालुक्यात एकानं 'मोसंबी मोबाईल केअर' टाकलंय. गिऱ्हाईक मलाच विचारायलेत, दुसरी शाखा काढली का म्हणून. माझी नावाची ट्रेडमार्क नोंदणी नाही.

कोर्टकचेरी:
भाचा बरोबर सांगतोय. फळावर मालकी नसते, पण चित्र बघून गिऱ्हाइकाला कोण आठवतं यावर भांडणं होतात. २०२० साली अमेरिकेत प्रीपेअर नावाच्या स्वयंपाकाच्या छोट्या ॲपनं नाशपातीचं चिन्ह नोंदवायला घेतलं. चावा नव्हता, तरी ॲपलनं हरकत घेतली. पुढच्या वर्षी मिटलं, पण पानाचा आकार बदलावा लागला. तुमच्याकडं पानही आहे, चावाही आहे आणि दुकान फोनचंच! खुद्द ॲपलवर बीटल्स या इंग्लिश बँडच्या ॲपल कॉर्प्स कंपनीनं १९७८ मध्ये दावा लावला होता. 'गाण्यांच्या धंद्यात येणार नाही' या बोलीवर १९८१ मध्ये तो मिटला. पुढं हे गाण्यात शिरले आणि भांडण २००७ पर्यंत पुरलं. तुमचा तर धंदाच एक आहे.

नाव मात्र सोडू नका. मोसंबी विकणाऱ्याला 'मोसंबी' हे नाव एकट्याचं म्हणून मिळणं अवघड, फोनवाल्याला मिळू शकतं. ट्रेडमार्क नोंदणीचा टीएम-ए अर्ज भरा: दुरुस्तीसाठी ३७ वा वर्ग, ॲपसाठी ९ वा. स्वतःच्या नावानं ऑनलाइन भरलं तर एका वर्गाला ४५०० रुपये सरकारी फी. सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कुणालाही हरकत घेता येते.

पलीकडच्या दुकानाचं म्हणाल, तर नोंदणी नसतानाही 'पासिंग ऑफ'चा, म्हणजे तुमच्या नावावर स्वतःचा माल खपवल्याचा, दावा लावता येतो. दिल्ली हायकोर्टानं १९९९ मध्ये 'याहूइंडिया' असं नाव घेणाऱ्याला थांबवलं, तेव्हा याहूची इथं नोंदणी झालेली नव्हती. पण आधीपासून वापर तुमचा, हे दाखवावं लागेल. शॉप ॲक्टचं लायसन, जुनी बिलबुकं, बोर्डाचे तारखेचे फोटो, सगळं एका फायलीत लावा.

आणि ती कंपन्यांची चिन्हं पुसा. 'आयफोन दुरुस्त करून मिळेल' असं साध्या अक्षरात लिहिलं तर बहुतेक अडचण नाही, कशाची दुरुस्ती करता ते सांगावंच लागतं. चिन्ह काढलं की अधिकृत सर्व्हिस सेंटर वाटतं.

पाचोडचा_बागवान:
कायद्यातलं मला कळत नाही, पण मोसंबी चावून कोण खातंय हो? एकतर सोलायची, नाहीतर रस काढायचा. त्या सफरचंदाचा चावा रॉब जॅनॉफ नावाच्या माणसानं १९७७ मध्ये काढला, बारीक आकारात ते चेरी वाटू नये म्हणून. तुमची मोसंबी लिंबू वाटू नये एवढंच असेल तर न्यूसेलर जातीच्या मोसंबीच्या बुडाला गोल कडी असती बघा, नाण्याएवढी, अन् अंगावर उभ्या रेषा. त्या काढा. बागायतदार लांबून ओळखतोय. एवढंच, जालन्याच्या मोसंबीला जीआय (त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख) मिळालाय म्हणून तो शिक्का बोर्डावर नका मारू, तो फळासाठी हाय.

मोसंबीवाला_अंबड:
बागवान भाऊ, घरातलीच खूण अन् मला सुचली नाही. वडलांना दाखवलं, ते म्हणले पान बी काढून टाक, बाजारात मोसंबी पानासकट कुठं येती. पेंटरला बोलावलंय. वकीलसाहेब, पेंटरनं नावाच्या कोपऱ्यात वर्तुळातला आर (®) काढलाय. म्हणला, मोठ्या दुकानांवर असतोय, भारी दिसतोय. तो राहू देऊ का?

कोर्टकचेरी:
अहो, तो आधी पुसा, मोसंबीचं नंतर बघू! तो नोंदणी झालेल्या नावाचा शिक्का, नोंदणी नसताना लावायला ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०७ ची मनाई आहे; आधी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकायची, २०२४ पासून दंड भरावा लागतो. तोवर 'टीएम' (ट्रेडमार्क) लिहा, त्याला अडचण नाही.

मोसंबीवाला_अंबड:
रात्रीच थिनर लावून पुसला. टीएमचे पेंटर शंभर रुपये वेगळे मागायलाय, दोन अक्षरं हायेत म्हणून.