धुतलेला डायलायझर पुन्हा वापरण्यावर बंदी हवी का?

सुलभा_क: बाबांचं डायलिसिस तीन वर्षं चालू आहे, आठवड्यातून दोनदा. रक्त गाळणारा एकच फिल्टर, म्हणजे डायलायझर, धुऊन आठ-दहा वेळा लावतात. सुरुवातीला सगळे रिपोर्ट निगेटिव्ह होते, परवा हिपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारा यकृताचा आजार, निघाला. माझ्या मते धुतलेल्या फिल्टरला परवानगीच नको. जपानमध्ये तो एकदा वापरून फेकतात. आपल्या माणसांना वेगळा नियम का?

मशीनवाला: ताई, वाचून वाईट वाटलं. पण तेरा वर्षं टेक्निशियन आहे, मला दोष फिल्टरचा वाटत नाही. ज्याचा फिल्टर त्यालाच लावतात. धुतल्यावर त्यात किती मावतं ते मोजायचं, मूळच्या 80 टक्क्यांखाली गेलं की टाकायचा. सी पसरतो हातांवरून. एकाची सुई काढली, रक्त दाबून धरलं आणि त्याच ग्लोव्हजनी शेजारच्या मशीनचं बटण दाबलं. रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपरिनची एकच बाटली सगळ्यांना. पुढची शिफ्ट दारात उभी, मग खुर्ची पुसणार कोण? नवा फिल्टर आणलात तरी हे सगळं तसंच राहणार.

सुलभा_क: दादा, नाव पुसलं गेलेला फिल्टर मी स्वतः पाहिलाय. हात धुवायला वेळ नाही म्हणता, मग त्याच घाईत फिल्टर नीट धुतला जातो हे कशावरून?

तालुक्याचा_बाळू: ताईंचा राग समजतो, तरी बंदी नको. आईचं महात्मा फुले योजनेतून होतं. तालुक्याला सेंटर नव्हतं तेव्हा एसटीने तीन तास जायचो. खर्च वाढला तर पहिलं आमचंच सेंटर बंद पडेल. डायलिसिसची एक खेप चुकली की तिला धाप लागते. पोटॅशियम चढलं तर हृदयच थांबतं.

डॉ_निशिगंधा: पाण्याचं कुणीच बोललं नाही. चार तासांत साधारण 120 लिटर पाणी रक्ताच्या शेजारून वाहतं, मध्ये फक्त पातळ पडदा. 1996 मध्ये ब्राझीलच्या कारुआरूत पाण्यातल्या नीलहरित शेवाळाच्या विषाने डायलिसिसचे 50 हून जास्त रुग्ण गेले. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राची तपासणी कधी झाली, हे प्रत्येक नातेवाइकाने विचारावं. सुलभाताई, सी बरा होतो. बहुतेकांना 12 आठवडे गोळ्या लागतात, सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

सुलभा_क: गोळ्यांचं उद्याच विचारते, डॉक्टर. बाळूदादा, तुमच्या आईचं डायलिसिस चुकावं असं मला नकोय, पण नव्या फिल्टरचे पैसे योजनेने द्यावेत, हे मागणं सोडणार नाही. आणि मशीनवाले दादा, शुक्रवारी बाबांना हेपरिन कोणत्या बाटलीतून देतात ते उभी राहून बघणार आहे.