शब्दचर्चा : ‘यादृच्छिक’ म्हणजे आजींना काय सांगायचं? (प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा

एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे रुग्णांवरचं संशोधन रीतसर होतंय ना हे बघणाऱ्या समितीवर, मी ‘सामान्य नागरिक’ म्हणून बसते. अशा समितीत डॉक्टरकी आणि विज्ञान यांच्याशी संबंध नसलेलं एक माणूस नियमानेच लागतं, ते मी. नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाला जे मराठी संमतीपत्र देतात ते वाचायचं आणि कुठे अडखळायला होतं ते सांगायचं, एवढंच माझं काम. अडखळायला दर दुसऱ्या ओळीला होतं, पण एक ओळ जवळपास प्रत्येक संमतीपत्रात असते :

‘आपले दोनपैकी एका उपचार गटात यादृच्छिकपणे वाटप करण्यात येईल.’

रुग्णाचं ‘वाटप’ हे तर शेतजमिनीसारखं झालंच, पण ते राहू दे. गेल्या महिन्यात संमती घेताना निरीक्षक म्हणून मी बाजूला बसले होते. रक्तदाबाच्या औषधाची चाचणी. आजींना वाचता येत नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणे एक त्रयस्थ साक्षीदारही हजर. सिस्टरने ही ओळ वाचली. आजींनी मान डोलावली आणि विचारलं, “मग यादीत माझा नंबर कितवा?”

‘यादृच्छिक’मधली ‘यादी’ तेवढी त्यांना ऐकू आली होती. साक्षीदाराने सही केली. मला ती सही बघवेना.

तर प्रश्न असा : कोण कोणत्या गटात जाणार हे कोणीही न निवडता, इंग्रजीत म्हणतात तसं ‘रँडम’ ठरतं. यासाठी रुग्णाला समजेल असा मराठी शब्द कोणता?

पाटीपेन्सिल

आधी या शब्दाचं कुळ. संस्कृतातली ‘यदृच्छा’ म्हणजे आपोआप, न मागता, अवचित घडणं. गीतेच्या चौथ्या अध्यायात ‘यदृच्छालाभसंतुष्टो’ आहे, म्हणजे जे सहज पदरात पडेल त्यात समाधान मानणारा. त्यावरून संख्याशास्त्राच्या परिभाषेत ‘यादृच्छिक’ आला. वर्गात चालतो. पण तुमच्या चाचणीत आपोआप काय घडतं? गट आपोआप पडत नाहीत, मुद्दाम ठरवलेल्या रीतीने पाडतात. शिवाय ‘इच्छा’ ऐकून अर्धे लोक ‘मर्जीनुसार’ असा अर्थ घेतात, म्हणजे बरोब्बर उलटा.

माझ्या मते शब्द आपल्या गावात आधीपासून आहे : ईश्वरचिठ्ठी. ग्रामपंचायतीत दोघांना सारखी मतं पडली की चिठ्ठ्या टाकतात, एखाद्या लहान पोराला एक उचलायला लावतात. निकाल कोणाच्या हातात नव्हता हे सगळ्या गावाला पटतं. आजींनाही पटेल.

गणिती काका

ईश्वरचिठ्ठी हा शब्द सुंदर आहे आणि म्हणूनच नको. त्यात एक जिंकतो आणि दुसरा पडतो. ‘सोडत’ म्हटलं तरी तेच : म्हाडाच्या सोडतीत घर लागतं किंवा लागत नाही. चाचणीत कोणतं औषध सरस हे अजून कोणालाच माहीत नाही, माहीत असतं तर चाचणीच लागली नसती. आजींना जुनं औषध मिळालं तर त्या ‘हरल्या’ असं वाटायला नको. आणि ईश्वर मध्ये आला की माणूस प्रश्न विचारणं बंद करतो.

पण ‘चिठ्ठी’ला मात्र माझं पूर्ण मत. ती केवळ उपमा नाही. ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची क्षयावरची जी चाचणी झाली आणि 1948 मध्ये प्रसिद्ध झाली, तिथे खरोखर चिठ्ठ्याच होत्या. औषध फार थोडं मिळालेलं, सगळ्यांना पुरणार नव्हतं. ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने यादृच्छिक अंकांवरून क्रम लावून ठेवला आणि तो बंद लिफाफ्यांत घातला. रुग्ण चाचणीत घेतल्यावरच त्याच्या क्रमांकाचा लिफाफा फोडायचा. 107 रुग्णांपैकी 55 जणांना औषध व अंथरुणात पूर्ण विश्रांती, 52 जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले 4 दगावले, दुसऱ्यातले 14.

आणि त्या 52 जणांना आपण कसल्या चाचणीत आहोत हे सांगितलंच नव्हतं. तुमच्या आजींना निदान ‘यादृच्छिक’ तरी ऐकवलं.

(‘निदान’ हाही या दवाखान्यातला एक नग शब्द आहे. निदान निदान तरी नीट करा, असं आमच्या घरी म्हणतात.)

रंगीत बाटली

मी लॅबमध्ये आहे. कोणी सुचवायच्या आत सांगते, सरळ ‘रँडम’ लिहू नका. रुग्णांना हा शब्द पक्का माहीत आहे. ‘रँडम शुगर’ म्हणजे उपाशीपोटी नसलेली, आलात तेव्हा काढलेली. “रँडमने औषध मिळेल” म्हटलंत तर आजी म्हणतील, म्हणजे जेवून आलं तरी चालेल ना?

‘चाचणी’चीही तीच गत. रक्ताची चाचणी, थुंकीची चाचणी आणि औषधाची चाचणी, सगळं एकच. रुग्णाला वाटतं सुई टोचली, संध्याकाळी रिपोर्ट, काम संपलं. आम्ही बोलताना ‘तपासणी’ म्हणतो. कागदावरही लॅबच्या कामाला ‘तपासणी’च ठेवा आणि ‘चाचणी’ औषधासाठी राखून ठेवा. ‘प्रयोग’ म्हणून बघितलं होतं एकदा. “माझ्यावर प्रयोग करणार?” म्हणत गृहस्थ उठून गेले. नाटकाचा असता तर तिकीट काढून आले असते.

‘आपला नमुना साठवून ठेवला जाईल’ ही ओळही काढा. नमुना म्हणजे एकतर सातबारा, नाहीतर शेजारचे काका. सरळ ‘तुमचं थोडं रक्त’ लिहायला काय हरकत आहे?

रात्रपाळी

डॉक्टर आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो. यादृच्छिक करायचं कारण माझ्यासारखी माणसं आहेत. नवं औषध हातात आलं की मी नकळत ते धडधाकट दिसणाऱ्याला देतो, किंवा उलट, ज्याचं काही खरं नाही त्याला ‘बघू तरी’ म्हणून देतो. दोन्हींत औषधाचा हिशेब बिघडतो. तेव्हा निवड माझ्या हातातून काढून घ्यायची. रुग्णाला कळायला हवं ते एवढंच : डॉक्टर ठरवणार नाहीत.

त्यामुळे एका शब्दासाठी का अडायचं? दोन वाक्यं लिहा. ‘दोनपैकी कोणतं औषध तुम्हाला मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्हालाही ते निवडता येणार नाही. चिठ्ठी काढावी तसं ते कॉम्प्युटर ठरवेल.’

अडचण पुढे येईल ती उलट भाषांतराची. मराठी संमतीपत्र दुसऱ्या भाषांतरकाराकडून परत इंग्रजीत करून घेतात आणि मुळाशी ताडून बघतात. ‘यादृच्छिक’ परत जाताना बिनचूक जातो, म्हणून भाषांतरकार तोच धरून बसतो. त्याचा वाचक रुग्ण नसतोच, तो दुसरा भाषांतरकार असतो.

पाटीपेन्सिल

हे मला माहीत नव्हतं. मग ईश्वरचिठ्ठी परत जाताना काय झाली असती या विचाराने हसू येतंय. मागे घेतो.

उंबरठा

उशिरा लिहितेय. रात्रपाळींची दोन वाक्यं समितीत मांडली. सगळ्यांना आवडली, उलट भाषांतराला गेली आणि ‘लॉटरी’ होऊन परत आली. चाचणी करणाऱ्यांचं पत्र आलं की लॉटरीत बक्षीस असतं, सबब हा आमिषाचा प्रकार वाटतो. गणिती काका, तुमचाच मुद्दा, फक्त लेटरहेडवर.

शेवटी ‘चिठ्ठी काढावी तसं’ची जागा ‘छापा-काटा करावा तसं’ने घेतली. ते मात्र विनातक्रार पास झालं. शिवाय खाली एक ओळ जोडून घेतली : ‘यातलं कोणतं औषध जास्त चांगलं, हे अजून कोणालाच माहीत नाही.’ लॅबची ‘तपासणी’ आणि ‘तुमचं थोडं रक्त’ हेही मान्य झालं.

नव्या कागदावर परवा एका मावशींची संमती घेतली. त्यांनी विचारलं, “काटा पडला आणि मला ते औषध सोसलं नाही तर?” तर कधीही बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार चालूच राहतात, असं सिस्टरने सांगितलं. मावशींनी दोन दिवस मागून घेतले, मुलाशी बोलते म्हणाल्या. यादृच्छिकवर आजवर कोणी असे दोन दिवस मागितलेले मी पाहिले नाहीत.

आता पुढचं संमतीपत्र समोर आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या थेंबांची चाचणी, आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘ही दुहेरी अंध चाचणी आहे’. कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही कळू द्यायचं नाही आणि डॉक्टरलाही, असा त्याचा अर्थ. पण डोळ्यांच्या वॉर्डात हे वाचून दाखवणार कोण?

रंगीत बाटली

मी नाही. पण आमच्याकडे येणाऱ्या त्या चाचण्यांच्या बाटल्यांवर नाव नसतं, नुसता नंबर. आम्ही त्यांना ‘झाकलेल्या’ म्हणतो.

रात्रपाळी

इंग्रजीतही डोळ्यांचे डॉक्टर याच कारणासाठी ‘अंध’ टाळून ‘मास्क’वाला शब्द वापरतात. ‘झाकलेली’ परत जाताना तोच होईल बहुतेक. पाठवून बघा.