मदत हवी आहे: मेसॉनिक होमच्या जुन्या नोंदी कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. केंटकीतल्या लुईव्हिल शहरात फ्रीमेसन (बंधुभावावर उभी एक जुनी संघटना) मंडळींनी १८६७ साली आपल्या दिवंगत सभासदांच्या विधवा आणि मुलांसाठी घर काढलं, तेच हे मेसॉनिक होम. अमेरिकेत त्यांचं हे अशा प्रकारचं पहिलंच. सोशल सिक्युरिटी (तिथली सरकारी सामाजिक सुरक्षा योजना) यायला तेव्हा अजून ६८ वर्षं होती! घरचा कर्ता गेला की आधार लॉजचाच, म्हणजे फ्रीमेसनांच्या स्थानिक शाखेचाच.

तिथे वाढलेल्या मुलांवर आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहितोय. १८९० च्या जनगणनेची बहुतेक कागदपत्रं १९२१ च्या आगीनंतर उरलीच नाहीत, तेव्हा तो रस्ता बंद. ग्रँड लॉजकडे (राज्यातल्या सगळ्या लॉजची मुख्य संस्था) जुनी प्रवेशपुस्तकं बाहेरच्यांना बघू देतात का? कुणी मागितली आहेत?

आणि फ्रीमेसनांसारख्या ‘फ्रॅटर्नल ऑर्डर’ला मराठीत काय म्हणू? ‘बंधुमंडळ’ फारच भजनी वाटतं.